घरचं शुद्ध पाणी आणि गाडीची टाकी: ग्वाल्हेरच्या एका मोटरहोमचं प्रकरण

कार्तिकीसाठी ग्वाल्हेरहून पंढरपूरला निघालेल्या एका कुटुंबाच्या मोटरहोममधल्या पाण्याला दुसऱ्या दिवशी वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी धुळ्यात सहा जणांपैकी दोघांची पोटं बिघडली. टाकीत भरलेलं पाणी घरच्या आरओचं होतं, टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, ६०. त्यामुळे पाण्याचा संशय कुणालाच आला नाही. दोष गेला वाटेतल्या ढाब्यावर, तिथल्या दाल-बाफल्यांवर.

गाडीमालक माझा मावसभाऊ. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, म्हणून गाडी परत आल्यावर त्याने फोन केला, "ताई, एकदा येऊन बघ. आरओचं पाणी नासतं का गं?" नासतं, आणि काही वेळा नळाच्या पाण्यापेक्षा लवकर नासतं. या प्रकरणात ते कसं घडलं, हे तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण टाकी बसवलेल्या बहुतेक गाड्यांत यातली निदान एक तरी गोष्ट अशीच असते.

गाडी

टेम्पो ट्रॅव्हलरची बॉडी आतून बदलून घेतलेली. मागच्या पलंगाखाली १२० लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी, १०० सेंटीमीटर लांब, ४० रुंद, ३० उंच. तिच्यातून १२ व्होल्टचा छोटा पंप पाणी ओढतो आणि सिंकला, हँड शॉवरला आणि सहा लिटरच्या विजेच्या गीझरला देतो. गीझर बाहेरची वीज मिळाली तरच चालतो. सांडपाण्याची टाकी वेगळी. पाणी भरायचं तोंड गाडीच्या डाव्या अंगाला, आणि त्या तोंडाच्या लगेच आत कार्बनचा फिल्टर. गाडी बांधून देणाऱ्याने हा फिल्टर मोठ्या कौतुकाने दाखवला होता: टाकीत जाणारा प्रत्येक थेंब गाळून जाणार. या फिल्टरकडे पुन्हा यायचं आहे.

फेब्रुवारीत गाडी एकदा लांबच्या प्रवासाला जाऊन आली. परतताना गुनाजवळच्या एका पेट्रोलपंपावर बोअरचं पाणी भरलं होतं. घरी आल्यावर ड्रेनचा कॉक उघडला, पाणी गेलं, कॉक बंद झाला. मग मार्च ते ऑक्टोबर गाडी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या चौकात उन्हात उभी. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, पारा ४५ च्या वर जाणं इथे बातमी नसते. बंद गाडीत पलंगाखाली काय तापमान असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

निघायच्या आदल्या रात्री घरच्या आरओखाली पिंप लावून पाणी जमवलं आणि सकाळी बागेच्या हिरव्या नळीने टाकीत सोडलं. घराला महापालिकेचं पाणी येतं, तिघऱ्याच्या धरणाचं, मोतीझीलला शुद्ध करून सोडलेलं. पण पावसाळ्यात ते पिवळसर दिसतं, म्हणून प्यायला आरओ. घरात ही सवय जुनी आहे आणि तिच्यात वावगं काही नाही.

कोण काय प्यालं

डब्यातलं जेवण संपल्यावर सगळे जण एकाच ढाब्यावर जेवले होते. सहाही जणांनी तेच खाल्लं. मग दोघांचंच का बिघडलं, हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता.

मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. भाऊ, भावजय, मोठी मुलगी आणि मेव्हणा बाटलीबंद पाणी पीत होते. मावशीला बाटलीतलं पाणी चालत नाही, तिला घरचं पाणी लागतं. ती सिंकच्या नळाचं पाणी तांब्यात भरून पीत होती, आणि आजीच्या तांब्यातून नातूही. दुसऱ्या दिवशी इंदूरच्या पुढे तिने सुनेला सांगितलंही होतं, "अगं, हे पाणी कसं तरीच लागतंय." भावजय म्हणाली, "आई, घरचंच आहे, टाकीचा वास असेल थोडा." चहा सगळ्यांनी टाकीच्या पाण्याचाच घेतला, पण तो उकळलेला.

आजारी पडलेले दोघे आणि न उकळलेलं टाकीचं पाणी प्यालेले दोघे एकच निघाले. एवढ्यावरून पाण्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी मीठ-साखर-पाणी आणि विश्रांती सांगितली, शौचाची तपासणी झाली नाही. सत्तरीपुढची बाई आणि आठ वर्षांचा मुलगा, दोघांचीही पोटं तशी नाजूकच. पण ढाब्यावरचा आरोप मात्र यापुढे टिकत नाही.

फोनमधला एक आकडा

भावाला टीडीएस मीटरचा भारी नाद. निघताना त्याने सिंकच्या नळाचं पाणी मोजून मीटरचा फोटो काढला होता: १२६. आरओचं पाणी ६० होतं, मग नळाला १२६ कसं? पाचशेच्या आत आहे म्हणून त्याने सोडून दिलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, तेव्हा त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण मीटर त्याला वेगळंच काहीतरी सांगत होता.

गुनाजवळच्या बोअरचं पाणी त्याने तेव्हाही मोजलं होतं, सुमारे ८५०. आता हिशोब करा: ११० लिटर पाणी ६० चं आणि दहा लिटर ८५० चं मिसळलं, तर सरासरी येते १२६ च्या आसपास. म्हणजे फेब्रुवारीतलं दहा लिटर पाणी टाकीत शिल्लक होतं.

गाडीखाली वाकून बघितल्यावर कारण सापडलं. ड्रेनचा पाइप टाकीच्या तळाला नव्हता, बाजूच्या भिंतीला होता, तळापासून अडीच सेंटीमीटर वर. १०० गुणिले ४० च्या तळावर अडीच सेंटीमीटर म्हणजे बरोबर दहा लिटर. कॉक कितीही वेळ उघडा ठेवला तरी तेवढं पाणी टाकीतून निघणार नव्हतं. बसवणाऱ्याला बाजूने भोक पाडणं सोपं गेलं असणार. ते दहा लिटर पाणी आठ महिने, अख्खा उन्हाळा आणि पावसाळा, तिथे बसून होतं.

टीडीएस मीटर विजेच्या वहनावरून क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. ६० टीडीएसच्या पाण्यात कॉलरा असू शकतो आणि ९०० टीडीएसचं पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्धोक असू शकतं. घरोघरी हा मीटर आता थर्मामीटरसारखा विश्वासाने वापरतात, म्हणून हे जरा ठासून सांगते.

पाच बाटल्या

मी पाच ठिकाणचं पाणी घेतलं: वाड्यातला महापालिकेचा नळ, आरओचा नळ, गाडीच्या टाकीचा ड्रेन, गाडीच्या सिंकचा थंड नळ आणि गरम नळ. आधी क्लोरीन बघितला, गुलाबी रंग येणाऱ्या डीपीडी गोळीने. महापालिकेच्या नळाला फिकट गुलाबी, ०.२ आणि ०.५ च्या मधला. बाकी चारही ठिकाणी रंगच नाही.

मग एच-टू-एस बाटल्या लावल्या. ही चाचणी ग्वाल्हेरकरांना माहीत असायला हवी. इथल्याच संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये तिची पद्धत प्रसिद्ध केली आणि नंतर ती जगभर खेड्यापाड्यांत वापरली गेली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून उबेत ठेवायचं. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जीवाणू असतील तर पाणी काळं पडतं. तीस ते सदतीस अंशांची ऊब लागते, आणि नोव्हेंबरअखेरीच्या ग्वाल्हेरात ती आपोआप मिळत नाही. थर्माकोलच्या डब्यात कोमट पाण्याच्या बाटल्या बदलत राहिले.

गाडीच्या गरम नळाची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच काळी. संध्याकाळपर्यंत ड्रेनची आणि थंड नळाचीही. महापालिकेची आणि आरओची मात्र दोन दिवसांनंतरही जशीच्या तशी. म्हणजे घरून निघालेलं पाणी ठीक होतं आणि बिघाड गाडीच्या आतला होता.

या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. बाटली काळी पडली म्हणजे पाण्यात मैला मिसळला असं दर वेळी होत नाही. साचलेल्या पाण्यात वाढणारे, सल्फेटवर जगणारे जीवाणूही ती काळी करतात. बोअरच्या पाण्यात सल्फेट असतोच, आणि गीझरमध्ये गंज रोखायला मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो या जीवाणूंना आणखी मदत करतो. गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत होता तो यामुळे. म्हणून एक नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: कोलिफॉर्म, म्हणजे पाणी बाहेरून दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जीवाणू, आहेत; त्यांतला मैल्याची खूण असलेला ई. कोलाय नाही. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये दोन्ही अजिबात असता कामा नयेत, तेव्हा पाणी पिण्यास अयोग्य ठरलं. पण मैल्याचा पुरावा मिळाला नाही. नमुना आजारानंतर बऱ्याच दिवसांनी घेतलेला असल्याने धुळ्यात टाकीत नेमकं काय होतं, ते आता कळणार नाही.

पहारेकरी कुणी काढला

महापालिका पाण्यात क्लोरीन टाकते ती फक्त शुद्धीकरण केंद्रातले जंतू मारायला नाही. थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक ठेवतात, कारण पुढे पाइपात, टाकीत, पिंपात नवे जंतू शिरणारच. नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असावा असं आयएस १०५०० सांगतं ते याचसाठी. आरओ यंत्रात क्षार गाळणाऱ्या पडद्याच्या आधी कार्बन असतो आणि तो क्लोरीन काढून टाकतो, नाहीतर पडदा खराब होतो. आरओचं पाणी लगेच प्यायला उत्तम. पण साठवलं की ते निराधार असतं, त्याचं रक्षण करणारं त्यात काही उरलेलं नसतं.

या गाडीत तर बंदोबस्त दुहेरी होता. समजा उद्या भावाने आरओ सोडून थेट नळाचं पाणी भरलं असतं, तरी भरायच्या तोंडाशी बसवलेल्या कार्बन फिल्टरने टाकीत जाण्याआधीच क्लोरीन काढला असता. फिल्टर चांगला होता, जागा चुकीची होती. कार्बन लावायचा तर टाकीनंतर, पिण्याच्या नळाशी, अगदी शेवटी. टाकीच्या आधी हवा असेल तर फक्त गाळ अडवणारा साधा फिल्टर. गाडी बांधून देणाऱ्याला हे फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, ग्राहकाला भरताना फिल्टर दिसला पाहिजे."

हे एकदा समजलं की बाकीच्या गोष्टी क्षुल्लक नसल्या तरी दुय्यम आहेत. पांढऱ्या टाकीच्या एका बाजूवर मागच्या काचेतून ऊन पडत होतं, तिथे आत हिरवा पट्टा होता. प्रकाशाशिवाय शेवाळ वाढत नाही, त्यामुळे तो पट्टा बरोबर काचेच्या रुंदीचा. हवेच्या पाइपचं तोंड गाडीखाली उघडं, जाळी नाही. आणि ती हिरवी नळी संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, धुवायच्या नळीबरोबर एकाच कप्प्यात गुंडाळून ठेवलेली. कोलिफॉर्म आले कुठून हे विचारलं तर मी आधी या कप्प्याकडे बोट दाखवेन.

सफाई

नुसतं औषध ओतून भागणार नव्हतं. टाकीच्या आतल्या भिंतीला बुळबुळीत थर होता. जीवाणू स्वतःभोवती असा थर, बायोफिल्म, तयार करतात आणि त्याच्या खाली क्लोरीन नीट पोचत नाही. टाकीला हात घालायची जागाच नव्हती, म्हणून वर सहा इंचांचं भोक पाडून आट्यांचं झाकण बसवून घेतलं. कपड्याने आणि मऊ ब्रशने आतून पुसलं. पंपाच्या तोंडाची जाळी काढली तर तीही तपकिरी बुळबुळीने भरलेली.

गीझरमध्ये क्षारांची खपली होती. भावाने न्हाणीघरातलं टाइल्सचं अ‍ॅसिड आणलं, ते परत ठेवायला लावलं. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने गीझर एक दिवस आधी धुतला आणि भरपूर पाण्याने खळखळून काढला. अ‍ॅसिड आणि क्लोरीनचं द्रावण एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद गाडीत त्याने जीव जाऊ शकतो, आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर असलं तरी रसायन तेच.

मग मुख्य काम. सोडियम हायपोक्लोराइटचं पाच टक्क्यांचं द्रावण, वासाचं किंवा साबण मिसळलेलं नको, बाटली ताजी हवी, कारण उन्हात आणि काळाने त्याची ताकद जाते. शंभर लिटरला शंभर मिलिलिटर टाकलं की सुमारे ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर होतं, आमच्या टाकीला १२० मिलिलिटर लागलं. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतलं आणि वरून नळाच्या पाण्याने टाकी काठोकाठ भरली. ब्लीचिंग पावडरनेही होतं, साधारण अठरा ग्रॅम, पण तिचा चुना तळाला बसतो आणि पुन्हा पंपाच्या जाळीत येतो. वापरायचीच तर वरची निवळी तेवढी घ्यावी.

कार्बन फिल्टरचं आतलं काडतूस काढून ठेवलं होतं. गीझरची वीज बंद. सिंकचा थंड नळ, गरम नळ, हँड शॉवर, एकेक उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडलं, मग बंद करून चार तास तसंच ठेवलं. नंतर सगळं रिकामं केलं, दोनदा ताज्या पाण्याने भरून धुतलं.

ड्रेन तळाच्या मागच्या कोपऱ्यात नेला, आणि गाडी उभी करताना तो कोपरा उताराला येईल अशी जागा चौकात ठरवली. टाकीला बाहेरून काळं आवरण, हवेच्या पाइपला खाली वळलेलं तोंड आणि स्टीलची बारीक जाळी, पिण्याच्या पाण्याची वेगळी निळी नळी दोन्ही टोकांना बुचासकट. कार्बन फिल्टर सिंकच्या नळाखाली आला.

पिण्याचं पाणी वेगळं ठेवलं तर?

भावजयीचं म्हणणं होतं की टाकीचं पाणी धुण्याभांड्यापुरतं ठेवावं, पिण्यासाठी स्टीलच्या कॅनमध्ये वेगळं न्यावं, म्हणजे एवढा खटाटोप नको. कॅन जरूर न्यावेत. पण त्याने टाकीची सुटका होत नाही. दात त्याच पाण्याने घासले जातात, काकडी-टोमॅटो त्यातच धुतात, आणि तहानलेलं पोर नळाला तोंड लावताना कॅन कुठला आणि टाकी कुठली हे बघत नाही. शिवाय शॉवरचा तुषार श्वासातून आत जातो. लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणू साधारण वीस ते पंचेचाळीस अंशांच्या साचल्या पाण्यात वाढतो, म्हणजे कोमट ठेवलेला गीझर त्याला फार सोयीचा. इथे त्याची तपासणी केली नाही. पण गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर गीझर साठ अंशांच्या वर तापवून, खिडक्या उघड्या ठेवून, ते पहिलं पाणी सोडून द्यावं असं मी सांगितलं.

आता टाकीत महापालिकेचं नळाचं पाणी भरतात, आरओचं नाही. हे मावशीला पटवायला वेळ लागला. "नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो," ती म्हणाली. येऊ दे, टाकीत तो असायलाच हवा. तांब्यात येईपर्यंत नळाखालचा कार्बन तो काढतो. फक्त ते काडतूसही ओलं ठेवलं तर जंतूंचं घर होतं, म्हणून प्रवास संपला की ते काढायचं आणि मुदतीप्रमाणे बदलायचं.

वाटेत कुठे भरायचं, हा खरा कठीण भाग. ढाबा, पंप, धर्मशाळा, सगळीकडे बोअर, आणि बोअरला क्लोरीन नसतो. गढूळ पाणी घ्यायचंच नाही. स्वच्छ दिसत असेल तर १२० लिटरला त्याच द्रावणाचे पाच मिलिलिटर, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने मोजून. म्हणजे सुमारे दोन मिलिग्रॅम प्रतिलिटर. अर्ध्या तासाने डीपीडी गोळी टाकून ०.५ तरी शिल्लक आहे का बघायचं. नसेल तर पाण्याने क्लोरीन खाल्ला, पुन्हा तेवढाच डोस. दुसऱ्यांदाही रंग आला नाही तर ते पाणी सोडून द्यायचं. क्लोरीनने नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही, हेही लक्षात ठेवायचं. आपल्याच रस्त्यावर, शिवपुरी जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. एखाद्या टाकीने काही होत नाही, पण सवयीने तिथे भरू नये.

सफाईनंतर पुन्हा बाटल्या लावल्या. ड्रेन, थंड नळ, गरम नळ, तिन्ही दोन दिवस स्वच्छ. चौथी, हँड शॉवरची, दुसऱ्या दिवशी काळी पडली. त्या लवचीक पाइपच्या आत घड्या असतात आणि पाणी कधीच पूर्ण निथळत नाही, क्लोरीनचं पाणी तिथून सोडलं होतं तरी पुरलं नाही. पाइप आणि शॉवरचं डोकं दोन्ही बदललं, जुनं फेकून दिलं. आता प्रत्येक प्रवासानंतर शॉवर हुकवरून काढून खाली लोंबता ठेवतात.

गीझरच्या मॅग्नेशियमच्या दांड्याचा प्रश्न राहिला. तो काढला तर वासाचा त्रास कमी होईल पण गीझरची टाकी गंजेल. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा दांडा चालतो, त्या मापाचा मिळाला नाही. तोवर गीझर प्रवास संपताच तळाच्या बुचातून रिकामा करायचा आणि बूच उघडंच ठेवायचं, असं ठरलं. गाडीची किल्ली आणि ते बूच भाऊ आता एकाच खिळ्याला अडकवतो, म्हणजे बूच लावल्याशिवाय गाडी निघत नाही.